चौदा भोंगे आणि दोन ससे

आमगावच्या हवेत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जेवढा गोंगाट झाला, त्यातला निम्मा तरी आमच्या घरमालकांनी एकट्यानं केला असेल. आणि त्याच गावात एक घर असं होतं की तिथे भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकण्याआधी इकडेतिकडे पाहून घ्यायची, ते घरही त्यांचंच. धंद्यानं ते भोंगेवाले. लग्न असो, जयंतीची मिरवणूक असो, दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे इकडची गावजत्रा, असो की झाडीपट्टीचं नाटक, तालुक्यात कुठेही चार माणसं जमली की यांचे भोंगे बांबूवर चढलेच म्हणून समजावं. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" एवढे चार शब्द ते अशा थाटात म्हणत की मागाहून बोलायला उभा राहिलेला पुढारी फिका पडायचा. पण हाच माणूस घराच्या गल्लीत शिरताना स्कूटर बंद करायचा, शेवटची वीस पावलं ती ढकलत आणायचा, चपला हातात घ्यायचा आणि बायकोच्या कानाशी जाऊन विचारायचा, "भाजी कायची केली?" काकू, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायच्या, "बाहेर गावभर बोंबलते अन् घरात कुजबुजते. पंचवीस वर्सं झाले लग्नाले, मले अजून समजून नाही राहिलं का ह्या मानसाचा खरा आवाज कोनता."

या कुजबुजण्याला कारण दोन ससे. त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, वैशालीनं, गोंदियाच्या कृषी प्रदर्शनातून ते हौसेनं आणले होते. राखाडी, केसांना चांदीची झाक, चिंचिला जातीच्या दोन माद्या. मी तिथे भाडेकरू म्हणून गेलो त्या पहिल्याच आठवड्यात सर्वज्ञाच्या आवाजात तिला सांगून टाकलं की चिंचिला हा ससा नव्हेच, तो परदेशातल्या डोंगरातला खारीसारखा प्राणी, तुला फसवलं. तिनं शांतपणे प्रदर्शनाचं पत्रक पुढे केलं. त्यात सशाच्या जातीलाच चिंचिला म्हणतात असं ठळक छापलं होतं. "मास्तर, तुम्ही कवायतच शिकवता ना?" एवढंच ती म्हणाली. सशांची नावं तिनं चिंची आणि बोरी ठेवली होती, आणि दोघी इतक्या भित्र्या होत्या की ताटलीवर चमचा वाजला तरी मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटायच्या, कोपऱ्यात थिजायच्या आणि दिवसभर पाल्याला तोंड लावायच्या नाहीत.

आणि अशा घरात मी राहायला गेलो! मी साताऱ्याकडचा, हायस्कूलात पी.टी.चा मास्तर. सत्तर पोरांना मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाकलायचं तर आवाज लागतो, आणि तो देवानं मला अक्कल कापून दिला होता. दोन हजार दोन-तीनची गोष्ट असेल. खोली दाखवताना घरमालकांनी पहिला प्रश्न विचारला, "घोरता का जी?" मी म्हटलं, "अजून लग्न झालेलं नाही, त्यामुळे तसं कोणी सांगितलं नाही." त्यांनी माझ्या गळ्यातली शिटी हळूच काढून घेतली, दाराजवळच्या खिळ्याला लटकवली आणि म्हणाले, "हे इथंच राहीन. शाळेत जाताना घेत जा, येताना टांगत जा." लोक बाहेर चपला काढतात, मी चार वर्षं चपलांबरोबर शिटीही काढत होतो.

त्या घरातल्या शांततेची व्यवस्था पाहण्यासारखी होती. दारावरची घंटा काढून तिथे एक दोरी बांधली होती. ती ओढली की आत स्वयंपाकघरात एक लाल फडकं हलायचं. काकूंची पाठ फडक्याकडे असली की पोस्टमन उन्हात दोरी ओढत उभा. खुर्च्यांच्या, बाजेच्या, टेबलाच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे मोजे. कुकर माळ्यावर गेलेला, भात उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजायचा. काकू म्हणायच्या, "भोंग्यानं ह्यायचे कान चालले, सशानं माहा कुकर गेला." अन् उन्हाळ्यात तर कहर. सशांना आमगावचं ऊन सोसत नाही म्हणून घरातला एकमेव कूलर त्यांच्या खोलीत. पण कूलर खडखडतो म्हणून त्याच्या खाली, मागे, बाजूला ट्यूब, गोणपाट आणि जुन्या गादीचा कापूस कोंबलेला. स्वतः घरमालक अंगणात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचे. मीही त्या मे महिन्यांत सशांवर अचानक फार माया करू लागलो. दुपारी बारा ते चार मी त्यांच्या सोबतीला बसायचो, आणि वैशाली दारातून डोकावून म्हणायची, "मास्तर, ससे थंडे झाले असतीन तर आता बाहेर या."

माझी एक खोड मात्र शिटीसारखी खिळ्याला टांगता येत नव्हती. आमच्या गल्लीमागेच राईस मिल होती, आणि भाताचा भुसा उडाला की मला शिंक यायची. साधी नव्हे. आमच्या घराण्यात शिंक ही वारसाहक्कानं येते आणि शेजाऱ्यांपर्यंत जाते. पहिल्या शिंकेला चिंची कूलरवर चढली, बोरी माझ्याच खाटेखाली शिरली आणि घरमालक मिरवणूक सोडून धावत आल्यासारखे आतून आले. ते घरात कधी ओरडत नसत. त्यांनी माझ्या कानात कुजबुजून रागावलं, आणि मी सांगतो, कुजबुजलेला राग ओरडण्यापेक्षा वाईट. "मास्तर, तुम्ही मानूस नाही. तुम्ही फटाका आहा."

असं चाललं असताना वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा भिलाईला नोकरीला, तारीख मे महिन्यातली. आणि इथेच घरात पहिल्यांदा पेच पडला. घरमालकांनी वीस वर्षांपासून अख्ख्या आमगावाला सांगून ठेवलं होतं की माझ्या पोरीच्या लग्नात चौदा भोंगे लावीन. वैशाली म्हणाली, "बाबा, चौदा भोंगे वाजले तर चिंची-बोरी जीव सोडतीन. भोंगा लागला तर मी मांडवात येनार नाही. सांगून ठेवते."

"वीस वर्सं लोकायच्या पोरींच्या लग्नात वाजवलं," घरमालक कुजबुजले, "माह्याच पोरीच्या लग्नात काऊन नाही वाजवाचं?"

"मंग माह्या सशांले विचारा."

बापाला मुलीसाठी भोंगे लावायचेच होते आणि मुलीला ते सोसणारच नव्हते. घरमालक तीन दिवस जेवले न जेवले. चौथ्या दिवशी त्यांच्या डोक्यात जे आलं ते फक्त भोंगेवाल्याच्याच डोक्यात येऊ शकतं. ते म्हणाले, आवाजाचं भेव आवाजानंच जाईन, पण नंबरानं. त्यांच्या जुन्या अॅम्प्लिफायरच्या बटनावर एक ते दहा आकडे होते. त्यांनी एक कोरी कॅसेट घेतली आणि घरभर माइक फिरवत घरातला एकेक आवाज तिच्यात भरला. काकूंनी त्या निमित्तानं माळ्यावरचा कुकर उतरवून एका दिवसात चार शिट्या काढून घेतल्या. ताट पाडलं, बादली आपटली, स्कूटरला किक मारली. मंडईत कधी भरलेला ढोल-सनईचा तुकडा जोडला. मला राईस मिलच्या दारात उभं करून माझी शिंक रेकॉर्ड केली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी शिंक मागून घेतली, म्हणून मी तीन दिल्या. आणि शेवटी, माइक चालू आहे हे माहीत नसलेल्या वैशालीचा स्वयंपाकघरातून आलेला आवाज त्यात आपोआप भरला गेला: "बाबा, चहा थंडा होऊन राहिला, येता का नाही?"

रोज संध्याकाळी सशांपुढे कोथिंबीर टाकायची आणि कॅसेट लावायची. पहिला आठवडा एक नंबर, म्हणजे कान लावला तरच ऐकू येईल इतकं. दोघी खात राहिल्या तर पुढचा नंबर. पाय आपटला की एक नंबर मागे. वैशाली पहिले काही दिवस दारात हाताची घडी घालून उभी राहायची, पण बोरीनं दोन नंबरवर कुकरची शिटी ऐकून नुसता एक कान हलवला आणि पुन्हा पानं चघळायला लागली तेव्हा तीच कोथिंबीर निवडायला बसली. बाप बटनाशी, मुलगी सशांशी, रोज अर्धा तास. कामाचा माणूस आणि लग्नाची मुलगी रोज असा अर्धा तास एकत्र बसतात हे मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

पाच नंबर झाला तेव्हा माझ्या कर्तृत्वाला संधी मिळाली. घरमालकांना तीन दिवस एका नाटकाचं काम लागलं, वैशाली खरेदीला गोंदियाला गेली, आणि बटन माझ्याकडे सोपवलं गेलं. "पाचच्या पुढे नाही जी." मी म्हटलं, "माझ्यावर सोडा." बटनावर हात ठेवून मी ऐटीत बसलो होतो, तेवढ्यात मिलकडून वारा आला. शिंकेबरोबर माणसाचा हात कुठे जातो हे त्याच्या ताब्यात नसतं. माझा गेला दहावर. कॅसेटमधली माझीच शिंक अख्ख्या आमगावावर फुटली. चिंची खिडकीतून अंगणात, अंगणातून कुंपणाबाहेर. तिला मी आणि काकू अंधार पडेपर्यंत झुडपांत, कचऱ्यात शोधत होतो. शेवटी ती मिलच्या भुशाच्या ढिगात सापडली, आणि तिला उचलताना मी आणखी दोनदा शिंकलो. तीन दिवस तिनं काही खाल्लं नाही. घरमालक परतले, सगळं ऐकलं. नुसतं बटन एकवर आणून ठेवलं. वैशाली मात्र रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, राहू द्या भोंगे." लग्नाला तेव्हा जेमतेम महिना होता.

त्या महिन्यात त्यांनी एकही काम घेतलं नाही, सकाळ-संध्याकाळ सशांपुढे बटनाशी बसले. लोक म्हणू लागले, पोरीच्या लग्नानं भोंगेवाला मुका झाला.

लग्नाच्या दिवशी मांडवाभोवती खरोखर चौदा भोंगे बांबूंवर चढले. आसपासच्या गावांतून लोक ते ऐकायलाच आले होते. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, सनई लागली, आणि लोक एकमेकांकडे पाहू लागले. चौदा भोंग्यांतून इतका मऊ आवाज येत होता की पंगतीत वाढणाऱ्याला "भात पाहिजे" हे कुजबुजून सांगता येत होतं. ससे सहा नंबरपर्यंतच पोचले होते, म्हणून लग्नही सहा नंबरवर लागलं. पुतणे येऊन म्हणत होते, "मोठे बाबा, वाढवा ना थोडा, इज्जत जाऊन राहिली!" घरमालक नवं पांढरं धोतर नेसून अॅम्प्लिफायरसमोर दोन्ही हातांनी बटन झाकून उभे. मुलीनं हार घातला तेव्हा सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि हे एकटे सहाच्या आकड्याकडे. मी आत सशांपाशी, नाकावर रुमाल दाबून. तरी शिंक आलीच. चिंचीनं माझ्याकडे पाहिलं, आणि पान चावत राहिली. ही शिंक तिच्या ओळखीची होती. मी बाहेर धावत जाऊन घरमालकांना सांगितलं. त्यांनी वैशालीकडे पाहून मान हलवली, आणि ती लग्नाच्या गर्दीत तिथूनच हसली. नवऱ्याकडच्या लोकांना वाटलं, बापाला काहीतरी आठवलं असावं.

भिलाईच्या क्वार्टरमध्ये सशांची सोय नव्हती. ते इथेच राहिले. घर आता आपोआपच शांत झालं होतं, पण घरमालक रोज संध्याकाळी एक नंबरवर कॅसेट लावायचे. मी विचारलं, "आता कशाला?" म्हणाले, "आवाज नसन तर खातच नाही ते." मी पाहिलं होतं, ससे केव्हाच खाऊन झोपलेले असायचे.

मग माझी बदली झाली. आठ-नऊ वर्षांनी कामानिमित्त गोंदियाला आलो तेव्हा मुद्दाम आमगावला उतरलो. दारावर दोरी अजून होती. ओढली तर काकू आल्या. ससे केव्हाच गेले होते, कुकर परत आला होता. "शिटी वाजते आता," काकू म्हणाल्या, "पन ह्यायलेच ऐकू येत नाही." घरमालक मला पाहून इतक्या जोरात "बसा जी मास्तर!" म्हणाले की मीच दचकलो. भोंग्यांनी शेवटी कान घेतले होते. वैशालीचा रोज फोन येतो, काकू सांगत होत्या, पण फोनवर त्यांना काहीच ऐकू येत नाही. कानाला लावून "हो हो" करतात आणि काकूंकडे देतात.

दिवेलागणीला ते उठले आणि त्याच जुन्या अॅम्प्लिफायरपाशी बसले. कॅसेट घासली होती. कुकर खरखरत गेला, बादली गेली, माझी शिंक पूर्वीपेक्षा तरुण वाटली. मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वैशाली म्हणाली, "बाबा, चहा थंडा होऊन राहिला, येता का नाही?" शेजारच्या ओट्यावरच्या बाईनं मान वर करून पाहिलंही नाही. तिला सवय झाली होती.

मी वाकून बटन पाहिलं. नऊवर होतं. त्यांच्या कानाशी जाऊन मी ओरडून विचारलं, "एवढं ऐकू येतं का?"

"येते जी, येते," ते म्हणाले. मग बटनावरून बोट फिरवत, मला दिलासा दिल्यासारखं म्हणाले, "अन् अजून एक नंबर आहे."