किलोवर बांधलेली गाडी

पावसाळ्यात आमच्या तांड्यावर चोरी होत नसे. चोर येई, पण त्याला परत जाता येत नसे. सकाळी तो मांडीएवढ्या चिखलात उभा सापडे. मग आम्हीच त्याला उपसून काढायचो, चहा पाजायचो. तो लाजेकाजेनं शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला, लागायचा आणि दिवाळीनंतर मजुरी घेऊन, म्हाताऱ्यांच्या पाया पडून आपल्या गावी जायचा. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं श्रावणात येऊन पाहावं. निंदणाला आम्हाला माणूस कमीच पडतो.

ढाणकीच्या बाजूला जाणारी पक्की सडक एका बाभळीपाशी सोडली की तिथून तांड्यापर्यंत नुसती काळी माती, आणि मधोमध नाला. एवढ्याशा वाटेपायी माझं लग्न अडलं होतं.

कापसाच्या भावानं मान टाकली ती वर्षं. घराघरांत न विकलेला कापूस आढ्याला टेकला होता. आमच्याकडे पाहुणा मुक्कामाला राहिला तर सकाळी त्याला हाका मारून कापसातून शोधावं लागे. आणि पोरींचे बाप तर असे बिथरले होते की मुलगा काय करतो असं विचारल्यावर कोणी 'कापूस' म्हटलं, की पुढे केलेली कपबशी परत ओढून घ्यायचे. तांड्यावर बिनलग्नाची इतकी पोरं साठली होती की कबड्डीच्या दोन्ही बाजू भरून वर पंचही त्यातलाच निघायचा.

अशा दिवसांत मला एक स्थळ आलं. ढाणकीपलीकडच्या तांड्याच्या नायकाची धाकटी मुलगी. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पाहण्याच्या दिवशी मुलीनं मला एकच प्रश्न विचारला. आमच्यात बोलणं गोरबोलीत, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या बोलीत, होतं, पण पुसदच्या बाजाराला कळेल अशा बोलीत सांगतो.

"हासून काय राह्यले?"

"हासून नाही राह्यलो. तोंडच असं हाये."

तिनं बैलाचे दात पाहावेत तसं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आत गेली. आतून हसल्याचा आवाज आला. मी तिथंच पक्कं केलं, लग्न केलं तर हिच्याशीच.

नायकांनी मात्र अट घातली. त्यांची थोरली मुलगी अशाच बिनरस्त्याच्या गावी दिली होती, आणि भर पावसात बाळंतपणाला तिला खाटेवर घालून, चार माणसांच्या खांद्यावरून सडकेला आणावं लागलं होतं. माय-लेकरू वाचलं, पण नायक तो दिवस विसरले नव्हते.

"उन्हाळ्यात तं सारेच गावं चांगले दिसते," ते मला म्हणाले. "मी पोळ्याच्या आधी येतो. इंजिनच्या गाडीत बसून तुह्या दारात उतरीन. बैलगाडी नाही, कोणाच्या खांद्यावर नाही. वाटेत माहा पाय चिखलात पडला, तं सोयरीक मोडली समज."

"मंजूर!" मी म्हणालो. घरी येताना वाटेत मला घाम फुटला.

इंजिनची गाडी आमच्याकडे होती. कापसाला भाव होता त्या काळात माझ्या बापानं मिलिटरीच्या लिलावातून एक जुना फोर-बाय-फोर ट्रक आणला होता. तोंड जीपचं, मागे उघडा हौद, चारही चाकांना जोर. दारावर एक भोक होतं. बाप ते शत्रूच्या गोळीचं म्हणे, मी गंजाचं म्हणे, आणि याडी, म्हणजे माझी आई, ते भोक आपलं आहे असं समजून त्यात काडेपेटी ठेवी. हा ट्रक उन्हाळ्यात डोंगर चढायचा. पावसाळ्यात मात्र नाल्यापर्यंत जाऊन मोठा श्वास सोडायचा आणि बसायचा.

म्हणून मी तो पुसदला मिस्त्रीचाचांकडे नेला. चाचांचं काम गेट आणि खिडकीच्या ग्रिलचं. अर्ध्या पुसदच्या खिडक्यांना त्यांचे मोर होते. गाड्यांचे सुटे भाग त्यांनी जन्मात बनवले नव्हते, पण "नाही जमत" हा शब्दही त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता.

"चाचा, गाडी चिखलातून गेली पायजे. माह्या लग्नाचा सवाल हाये."

चाचांनी वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. "हत्ती पाह्यला का कधी चिखलात फसलेला?"

"पाह्यला नाही." मी खरं तेच सांगितलं. मी हत्तीच पाहिला नव्हता.

"मंग? काहून नाही फसत? वजन हाये म्हणून! हलका माणूस घसरते. भारी माणूस रुतून उभा राह्यते. आपल्याले गाडी रुतवत रुतवत न्याची हाये, बेटा. हाथी बनवून देतो तुले, हाथी!"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे लोखंडाचं काम किलोवर चालतं. चीज जितकी जड तितकी मिस्त्रीची कमाई. म्हणजे चाचांना हत्ती का आठवला हे कोणत्याही शहाण्या गिऱ्हाइकाला तिथंच कळलं असतं. पण मी कापूस पिकवणाऱ्याचा पोरगा. आमची हयात मालाचं वजन वाढवायच्या खटपटीत गेलेली. आम्ही कापसावर पाणी शिंपडतो, दव पडायच्या वेळेला गाडी भरतो, गाठोड्यात चुकून एखादा धोंडा गेला तर त्याला त्रास देत नाही. जड ते चांगलं, हे आम्हाला आईच्या दुधातूनच मिळतं. मी उलट म्हणालो, "चाचा, पत्रा जाडाच लावजा. पातळ मले चालणार नाही."

चाचांनी माझी पाठ थोपटली. असं गिऱ्हाईक त्यांना पुन्हा मिळालं नसावं.

पुढचं बंपर त्यांनी सवयीनं गेटच केलं. दोन फाटकं, मधोमध एकमेकांकडे चोच केलेले दोन मोर, खाली वळणदार अक्षरांत 'सुस्वागतम्'. इंजिनात पाणी घालायचं तर कडी काढून गेट उघडायचं. नाल्यात इंजिनाला श्वास मिळावा म्हणून टपावर जाणारी एक नळी केली. ती जिनिंगच्या धुराड्याएवढी झाली आणि वर पावसासाठी टोपी बसवली. गाडी फसलीच तर तिला स्वतःला ओढून काढता यावं म्हणून पुढे दोर गुंडाळायचा रहाट बसवला. तो एका बुजलेल्या विहिरीवरचा होता. आणि मागे हौदात, सासऱ्यांसाठी, चाचांचा जीव की प्राण: पायऱ्या, कठडा, छप्पर, कडेनं द्राक्षाचे वेल असलेली अख्खी बाल्कनी.

"चाचा, हे कायले?"

"बेटा, नायक माणूस हाये. पाटावर बसवशील का त्याले? इथं बसून तो साऱ्या मुलखाले हात दाखवीन!"

सगळं सामान काट्यावर चढलं तेव्हा काटा कण्हला. गल्लीतली माणसं गोळा झाली, वजन ऐकून "वाह!" म्हणाली, आणि माझी छाती फुगली. पुसदच्या सडकेवर गाडी अशी ऐटीत चालली की गतिरोधक दबून सपाट झाले. मी म्हटलं, आता कोणाचा बाप मला अडवतो पाहू. अडवणारा तिचा बाप होता, हे त्या आनंदात विसरलोच.

ठरल्या दिवशी नायक सकाळच्या एसटीनं सडकेवर उतरले. पांढरं धोतर, लाल पागोटं. गाडीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे घर हाये का गाडी?"

"दोन्ही हाये, नायक. बसा तुमी."

ते बाल्कनीत चढून बसले. नाल्याच्या पलीकडे सगळा तांडा जमला होता. बिनलग्नाची पोरं तर झाडांवर चढली होती. कारण उघड होतं. माझी सोयरीक जमली की तांड्याची वाट चालू झाली असा डंका पिटता येणार होता, आणि मोडली तर पुढची दहा वर्षं सगळ्यांची कबड्डी. मी गाडी चालू केली. चारही चाकांना जोर दिला. आणि खोटं कायले सांगू, गाडी चाचांनी सांगितली होती तश्शीच चालली. रुतवत रुतवत.

नाल्याच्या अलीकडच्या काठावर तिचं रुतवणं झालं आणि चालणं राहून गेलं. चाकं दिसेनाशी झाली. मग मोरांचे पाय गेले. मग 'सुस्वागतम्' गेलं. गाडी अशी शांतपणे खाली चालली होती की जणू तिला खाली कोणी जेवायला बोलावलं होतं.

"आता?" वरून नायक म्हणाले.

"आता रहाट!" मी ओरडलो. दोर नेऊन पलीकडच्या काठावरच्या जुन्या बाभळीला बांधला. दोन पोरं रहाट फिरवायला लागली. दोर ताणला, रहाट करकरला, तांड्यानं जयघोष केला, आणि काहीतरी हललं. हलली ती बाभूळ. आधी वाकली, मग मुळांसकट निघाली आणि नाल्यातून घसरत, काट्याकुट्यासकट आमच्याकडे आली. गाडी बाभळीकडे न जाता बाभूळच गाडीच्या भेटीला येते, असा प्रकार मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

मग बैल आणले. बंपरला साखळी लावली. तांड्यातल्या सगळ्या बैलांनी एकदम मान घातली. मोठा आवाज झाला आणि बैल सुसाट पळाले. मोर, फाटकं, कडी-कोयंडा, सगळं घेऊन ते थेट घरी गेले. गाडी होती तिथंच होती. बंपर गेल्यानं फक्त जरा दात पडल्यासारखी दिसत होती.

मी वर पाहिलं. नायकांनी मिशीला हात लावला. वाटलं, संपलं. पण ते उतरेनात.

"नायक, खांद्यावर घेऊन जातो ना."

"खांदा नाही म्हटलं होतं मी."

"मंग बैलगाडी..."

"तेही नाही म्हटलं होतं."

"मंग कराचं काय?"

"मी काय सांगू? शब्द माहा हाये. उतरलो तं सोयरीक मोडते." आणि दुसरीकडे पाहत ते म्हणाले, "म्हणून तं उतरून नाही राह्यलो, येड्या!"

तेव्हा मला कळलं की अटीच्या चिखलात आम्ही दोघंही सारखेच फसलो होतो. माणसाला पोरगी द्यायची होती, पण शब्द मागे घ्यायची सोय नव्हती.

मग काय, सोय वरच केली. याडीनं भाकरी आणि तव्यावरचा झुणका काठीला गाठोडं बांधून वर पोचवला. चहाची किटली दोरानं वर-खाली व्हायला लागली. दुपारपर्यंत नायक असे रुळले की लोक भांडणं घेऊन यायला लागले. धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण मिटलं, दोन भाऊ बोलायला लागले, एकाची हरवलेली बकरी कोणाकडे आहे हे त्यांनी बाल्कनीतून बोट करून दाखवलं. बकरी तिथंच निघाली. मुक्कामालाही ते वरच राहिले. आम्ही घराघरांतून कापूस आणून अशी गादी केली की भाव पडलेल्या कापसाचं सोनं झालं.

इकडे एसटीच्या कंडक्टरनं ढाणकीला बातमी नेली, की तुमचे नायक नाल्यात बाल्कनीत बसून न्यायनिवाडा करून राह्यले. सकाळच्या पहिल्या गाडीनं त्यांची धाकटी आली. एकटी. चपला हातात, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, काळ्या मातीतून फस फस पाय उपसत सरळ गाडीपाशी येऊन उभी राहिली. चिखलानं तिला एकदाही अडवलं नाही. मला वाटतं त्याची हिंमतच झाली नाही.

तिनं गाडी पाहिली. नळी पाहिली, रहाट पाहिला, आडवी बाभूळ पाहिली, द्राक्षाचे वेल पाहिले. मग मला पाहिलं.

"हे तुमीच केलं?"

"पुसदवरून करून आणलं."

"याचं वजन किती?"

मी अभिमानानं सांगितलं. ती इतकी हसली की चिखलात हात टेकावा लागला. बिनलग्नाची पोरं झाडांवरून खाली उतरली. हा हसण्याचा प्रकार बरा की वाईट हे कोणालाच कळेना.

"हे सारं काढून विका," ती म्हणाली, "आन् त्याच गाडीत मुरूम आणून या वाटेवर टाका. मुरूम पडला की मी येईन. त्याच्या आधी नाही."

"आन् माही अट?" वरून नायक म्हणाले.

"बा, तुह्या अटीत तुहा पाय होता. नांदाचं मले हाये. माहे पाय तं चिखलानं भरले." आणि ती वळली. "मी चालली यांच्या याडीले भेटाले. तू येतं का नाही?"

ती तांड्याकडे निघालीसुद्धा. मग बाल्कनीच्या पायऱ्या करकरल्या. नायक एकेक पायरी उतरून शेवटच्या पायरीवर थांबले, धोतर वर धरलं, चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड तसंच होतं, जसं असतं.

"हासता काय, जावईबापू!" ते माझ्यावर खेकसले. "हात धरा की!"

मी हात धरला. त्यांनी पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत गेले. पाय वर आला, जोडा आला नाही. आम्ही दोघांनी कोपरापर्यंत हात घालून खूप शोधला. तो अजून तिथंच असणार. आता त्याच्यावर मुरूम आहे.