एकाच गोतातले बांगडे

पेडण्याच्या बाजारात पोदेराकडून, म्हणजे आमच्या पाववाल्याकडून, उंडे घेत होतो, तेव्हा इस्पितळातून बायकोचा फोन आला. "ताई गेल्या... झोपेतच गेल्या," ती म्हणाली. मी उंड्यांची पिशवी मांडीवर घेऊन स्कूटरवर तसाच बसून राहिलो. रडू आलंच, पण त्याआधी सुटल्यासारखा एक श्वास बाहेर पडला. तिचं दुखणं संपलं होतं. आणि तिच्या मनावरचं जुनं ओझं तर त्याच्याही आधी उतरलं होतं.

शैलाताई माझी थोरली बहीण. तुयेच्या आमच्या घरातून संशोधनात गेलेली ती पहिलीच. किनाऱ्याकिनाऱ्यावरचे बांगडे आणायचे, त्यांच्या मांसातून डीएनए काढायचा आणि त्यातल्या ठरावीक खुणा ताडून बघायच्या, हे तिचं काम. खुणा जुळल्या तर मासे एकाच गोतातले, आपसात वीण होणारे, नाहीतर वेगळे. तरुणपणी, हाताशी मोजक्याच खुणा असताना, तिने दाखवलं होतं की आमच्या किनाऱ्यावरचा बांगडा वेगळ्या, लहानशा गोताचा आहे. त्याने तिचं नाव झालं, पण जिवाला घोरही लागला. बांगडा कमी आला की तिचं जेवणात लक्ष नसायचं. "हे संपले तर दुसरीकडून भर पडायची नाही रे," म्हणायची.

आजार बळावला तेव्हा तिचं काम तिची विद्यार्थिनी मेघना बघत होती. ही मये गावची. एका दुपारी ती आली ती अंगणातच थांबली. नव्या पद्धतीने कितीतरी जास्त खुणा तपासल्या होत्या, आणि आमचा बांगडा मालवण-कारवारच्या बांगड्यांत मिसळलेला निघाला होता.

"काका, मॅडमचं म्हणणं खोटं ठरतंय... अशा अवस्थेत कसं सांगू?"

"तूच सांग बाय. मी सांगितलं तर ती शंभर प्रश्न विचारील, आणि मला एकाचंही उत्तर यायचं नाही."

मेघनाने सांगितलं, तेही रडत रडत. ताईने लॅपटॉप जवळ ओढून आलेख बराच वेळ पाहिला, नमुने कुठले, कधीचे ते विचारलं. मग चष्मा काढून ठेवला.

"रडतंस कित्याक गो? बरां झालां. म्हणजे हे एकटे नाहीत..." लॅपटॉप मेघनाकडे सरकवून म्हणाली, "पण म्हणून वाटेल तेवढे मारा, असा अर्थ कुणी काढायला नको. तेही लिही. आणि माझं चुकलं, हे अगदी सुरुवातीलाच लिही."

अन्नावरची वासना उडालेल्या ताईने त्या संध्याकाळी आपणहून बांगड्याचं हुमण मागितलं आणि चवीने जेवली. पुढचे जे काही महिने मिळाले, त्यांत ती दुखण्यातही हसायची.

मासा खाऊन झाल्यावर त्याचे काटे ताटाच्या कडेला ओळीने मांडायची तिला सवय होती, डोक्यापासून शेपटीपर्यंत. आम्ही त्यावरून तिला चिडवायचो. परवा जेवून हात धुवायला उठलो, तर बायको माझ्या ताटाकडे बघत होती. कडेला काटे मांडलेले होते, डोक्यापासून शेपटीपर्यंत... मी कधी मांडले ते मला कळलंच नव्हतं. तिने बाकीची ताटं उचलली. माझं तेवढं थोडा वेळ तसंच राहू दिलं.