मधल्या सुट्टीतल्या भाज्या

एखाद्या गोष्टीचे किस्से कधी साठतात, ते कळत नाही. वडवणीजवळच्या आमच्या शाळेत आम्ही चौघं मधल्या सुट्टीत एका सतरंजीवर डबे उघडतो. मी मराठी शिकवते, शबाना मॅडम गणित. कदम सर विज्ञानाचे. आणि शोभाताई मुलांची खिचडी शिजवतात. मुलं जेवली की त्याही आपली भाकरी घेऊन येतात. शेतात जे उगवतं तेच डब्यात येतं, आणि डब्यात जे येतं त्यावरून काही ना काही घडतंच.

सीताफळांचंच घ्या. ऑक्टोबरात कदम सरांना कुणीतरी डोंगराकडची पाटीभर सीताफळं दिली. सगळी टणक. सरांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून स्टाफरूमच्या कपाटात पिकायला ठेवली आणि विसरून गेले. दोन-तीन दिवसांनी तपासणीला साहेब आले. म्हणाले, "सहामाहीच्या उत्तरपत्रिका दाखवा." सरांनी कपाट उघडलं, तर खोलीभर घमघमाट, आणि गठ्ठ्यावरून मुंग्यांची रांग.

साहेबांनी एक पेपर उचलला, वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "कदम, पोरांचे पेपर चांगलेच पिकलेत की."

मग साहेबांनी रजिस्टरच्या आधी बिया टाकायला ताटली मागवली.

आमच्या घरी महालक्ष्म्या असतात. जेवणाला सोळा भाज्या लागतात आणि सासूबाईंना त्यातली एकही कमी चालत नाही. मी नवीन होते त्या वर्षी एक भाजी कमी पडली. शाळेत सहज बोलले, तर शबाना मॅडमनी संध्याकाळी त्यांच्या परसातली अंबाडी आणून दिली. तेव्हापासून दरवर्षी अंबाडी त्यांच्याकडूनच यायला लागली.

मागच्या वर्षी त्यांच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणून त्या संभाजीनगरला गेलत्या. अशा वेळी अंबाडीची आठवण कुठं करायची? मी बाजारातून गुपचूप एक जुडी आणली. जेवणाच्या दिवशी सकाळी सगळ्या भाज्या निवडून झाल्या तरी सासूबाई भाजी फोडणीला टाकेनात.

"आई, उशीर होतोय," मी म्हटलं.

"होऊ दे. शबानाची अंबाडी यायची हाय."

"त्या गावात नाहीत, आई. ही बघा, मी आणलीय."

"ती राहू दे संध्याकाळच्याला," सासूबाई म्हणाल्या आणि दाराकडं तोंड करून बसल्या.

थोड्या वेळानं शबाना मॅडमचे मिस्टर ओली पिशवी घेऊन दारात उभे. "तिचा फोन आलता दवाखान्यातून," ते म्हणाले. "अब्बांना बरं हाय. आधी अंबाडी पोचती कर म्हणली."

सासूबाई माझ्याकडं न बघता उठल्या आणि कढई चढवली.

उन्हाळ्यात शाळा बंद, डबे बंद. मे महिन्यात शबाना मॅडमनी ग्रुपवर आमरसाच्या वाटीचा फोटो टाकला.  मग कदम सरांचा मेसेज आला, "फोटो मोठा करून बघितला. पोळी बुडत नाही." दिवेलागणीच्या आत रस त्यांच्या घरी पोचला.

कदम सर एकटे राहतात. त्यांच्या मिसेस वारल्या तेव्हा त्यांना फक्त पिठलं येत होतं. डब्यात रोज तेच.   एक दिवस शोभाताई म्हणाल्या, "सर, उद्या त्यात मूठभर मेथी टाकून बघा." सरांनी टाकली. मग कांद्याची पात आली, मग शेपू, शेवग्याचा पाला. पावसाळ्यात तांदुळजा. हळूहळू पिठलं कमी आणि भाजी जास्त झाली, आणि पुढं नुसती भाजीच यायला लागली.

श्रावणात त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, पुरण, सगळं स्वतः केलेलं. ताटात पिठलंही होतं. "हे मात्र माझं नाही," सर म्हणाले. "पोरगी पुण्याहून आलीय. तिनं तिच्या आईसारखं केलंय."

सरांनी एक घास घेतला. मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि शोभाताईंना म्हणाले, "ताई, ह्यात काही टाका म्हणून सांगू नका."

शोभाताईंची मुलगी राधा आणि जावई दरवर्षी ऊसतोडीला कर्नाटकात जातात. ह्या वर्षी संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला. भोगीला आमच्याकडं बाजरीची भाकरी आणि सगळ्या ताज्या शेंगांची भाजी असते. राधा म्हणाली, "आई, इथं उसाबिगर काय बी न्हाई. भोगी कशाची करू?"

शोभाताईंनी जेवताना एवढंच सांगितलं आणि भाकरी मोडत राहिल्या.

राधाच्या टोळीच्या मुकादमाची गाडी भोगीच्या आदल्या दिवशी तिकडं निघणार होती. मी बाजारातून वाल, पावटा आणि वाटाणा आणला. कदम सरांनी त्यांच्या ओळखीच्या शेतातून तुरीच्या शेंगा आणि ओला हरभरा आणला. वांगी, गाजरं, बोरं शबाना मॅडमनी. शाळा सुटल्यावर आम्ही सतरंजीवर बसलो. पोरगी अंधारात उसाच्या फडात जाती, अंधारातच कोपीत येती, असं शोभाताई सांगायच्या. तिला तिथं पाचटाच्या झोपडीत बसून कशाला सोलायला लावायचं? म्हणून सगळ्या शेंगा आम्हीच सोलल्या. सरांची नखं हिरवी झाली. शबाना मॅडमनी दाणे ओल्या फडक्यात बांधले, शोभाताईंनी वर तिळाची पुडी ठेवली आणि गाडी निघाली.

भोगीच्या दिवशी दुपारी फोन आला. शोभाताईंनी आम्हाला ऐकू यावं म्हणून तो सतरंजीवर मधोमध ठेवला.

"पोचली का गं भाजी?"

"पोचली. सगळ्या कोप्यांत वाटीवाटी दिली. लई गोड झालती."

"मग बरं झालं."

फोन ठेवता ठेवता राधा म्हणाली,

"पण आई, शेंगा सोलून कशापायी धाडल्यास? जरा सोलीत बसले असते की मी."