खोताच्या वाडीचा सांतान

सांतान दिमेलोला आयुष्यात एकच हौस होती, चारचौघांनी आपलं म्हणावं. आणि त्यापायी हा बाबा सरळ खोटं बोलला.

बायको गेलेली, मुलगी दुबईला. दादरच्या घरात छापखान्यातून रिटायर झालेला सहासष्ट वर्षांचा सांतान एकटा. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचा तोही शेवटच्या बाकावर, आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत सटकायचा. अशा माणसाच्या दारात एका संध्याकाळी त्याच चर्चच्या पॅरिशमधल्या ब्रिजिट आंटी चार बायका घेऊन उभ्या राहिल्या. सलग सात दिवस येऊन त्यांनी त्याच्या बायकोसाठी रोझरीची जपमाळ म्हटली. आठव्या दिवशी सांतान आपणहून चर्चमध्ये त्यांच्यात जाऊन बसला.

मिस्सानंतरच्या चहाला कुणीतरी विचारलं, "अंकल, तुम्ही मूळचे कुठले?" जो तो माहीम-वांद्र्याच्या जुन्या घरांच्या, अंगणातल्या क्रॉसच्या गोष्टी सांगत होता. सांतानच्या तोंडून निघून गेलं, "गिरगाव. खोताची वाडी." जुन्या लाकडी बंगल्यांची ती नावाजलेली ख्रिस्ती वस्ती. लालबागची चाळ, बारा नंबरची खोली, गिरणीतला बाप, सगळं गिळून टाकलं त्यानं. कशाची लाज वाटली मेल्याला, देव जाणे!

ब्रिजिट आंटींचा हा ग्रुप दर शनिवारी परळच्या एका होस्पिसमध्ये जायचा. बरं होण्याची आशा संपलेली माणसं तिथं शेवटचे दिवस काढत. कुणाचे पाय चेपायचे, कुणाला पेज भरवायची, कुणाला बोलायचं असलं तर नुसतं बसून ऐकायचं. सांतानचा हात हलका. म्हाताऱ्यांची दाढी तो इतकी अलगद करायचा की ते डोळे मिटून पडून राहत. "सांतान अंकल आले का?" अशी विचारणा व्हायला लागली, तशी याची छाती फुगली.

आणि एका शनिवारी खिडकीजवळच्या खाटेवरून हाक आली, "सांतान्या! अरे, तू रे?"

गणपत होता तो. तेरा नंबरचा, भिंतीला भिंत लागून. त्याच्या आईच्या, रमाबाईंच्या हातची माशांची कढी खाऊन सांतान लहानाचा मोठा झालेला. सांतानची स्वतःची आई वारली तेव्हा शवपेटीला पहिला खांदा गणपतनं दिला होता. देवळात शिरावं तशा त्यानं चर्चच्या दाराशी चपला काढून ठेवल्या, त्या कुणीतरी लांबवल्या. भर मे महिन्यात तापलेल्या डांबरावरून पोरगा अनवाणी घरी गेला, पण चकार शब्द बोलला नाही.

"माका वळाखलंस नाय?" गणपत विचारत होता.

मागे ब्रिजिट आंटी उभ्या. सांतानच्या हातात साबणाचा ब्रश तसाच राहिला.

"सॉरी हं, तुमची काहीतरी चूक होतेय," तो म्हणाला. "मी गिरगावचा."

 गणपत "आसात चूक," म्हणाला आणि कूस वळवली.

 दुसऱ्या दिवशी मिस्साला सगळे कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठले, सांतान बाकाला चिकटून. येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्राची गोष्ट त्यानं लहानपणापासून ऐकलेली. पण पेत्राला निदान जिवाची भीती होती. मला कसली होती? चहाच्या कपाची? थू तुझ्या जिंदगानीवर, असं तो आरशासमोर स्वतःलाच म्हणाला. शनिवारपर्यंत गणपत टिकू दे, एवढंच त्यानं देवाकडे मागितलं.

गणपत टिकला. आवाज मात्र पार खोल गेला होता. साबणाचा ब्रश हातात घेऊन सांतान तोंड उघडणार, तोच गणपतनं ब्रिजिट आंटींना जवळ बोलावलं.

"बाये, गेल्या टायमाक माझी चूक झाली. ह्ये सायब येगळे. आमचो सांतान काळो होतो, आणि वायच अर्धवट."

मरणाच्या दारातला माणूस त्याची अब्रू झाकत होता. सांतानला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं. खाटेची कड धरून तो खालीच बसला.

"आंटी, तो अर्धवट मीच. लालबागचा. माझ्या आईला यानं खांदा दिला, आणि मी याला ओळख दाखवली नाही."

आंटींनी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. "खोताची वाडी माझं माहेर आहे, सांतान. तुम्ही तिथले नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हटलं, सांगतील कधीतरी."

म्हणजे ठाऊक असूनही आंटी आपल्याला चहा देत होत्या! शरमेनं त्याचे कान तापले. तो हुंदके देऊन रडला, अगदी पोरासारखा.

गणपतनं हनुवटी पुढे केली. "रडान झाला तर दाढी कर," तो म्हणाला.

नऊ दिवसांनी गणपत गेला. तिरडी उचलायच्या वेळी एक अनोळखी, अनवाणी म्हातारा गर्दीतून पुढे आला. त्याच्या मागे हातात रोझरी घेतलेल्या चार-पाच बायका. गणपतचा मुलगा राहुल गोंधळला.

"काका, तुम्ही कोण?"

सांतानला मान वर करवेना. "बारा नंबरवाला," तो म्हणाला, आणि त्यानं खांदा लावला.