सुलोचनाकाकूंच्या हातावरचं नाव

कालव्याचा पूल आला तरी सुलोचनाकाकू गप्पच होत्या. अड्याळच्या बाजाराला जाणारी एसटी आलीच नाही, म्हणून आम्ही दोघी पायी निघालो होतो. निम्मी वाट सरली होती. एरवी एवढ्या वाटेत त्या तीन गावांच्या बातम्या सांगून मोकळ्या होतात.

"काकू, पाय दुखून राहिले का?"

"नाही बाई."

मी गावात आशाताईचं काम करते. काकूंचं घर माझ्या भिंतीला लागून. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मला दामिनी म्हणतात. आज सकाळपासून नुसतं ‘बाई’ चाललं होतं.

काकू साठीच्या आहेत. धानाच्या रोवण्याला बाया जमवून द्यायच्या, हे त्यांचं काम. अक्षर येत नाही, पण चार गावांतल्या शंभरेक बाया नावानिशी पाठ. रोवण्याच्या दिवसांत पहाटे एकेकीला दारातून हाक मारत जातात. अशा बाईला नावाचंच भय बसावं?

पाच वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात बायांनी त्यांना उखाणा घ्यायला लावला. यमक जुळवून झालं आणि नवऱ्याचं नावच तोंडात येईना. म्हातारी लाजली म्हणून सगळ्या हसल्या, मीही हसले. नवव्या दिवशी तुलारामकाका धानाच्या बांधीत, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर कोसळले, ते उठलेच नाहीत. पुढच्या वर्षी गावातल्याच चिंधूला हाक मारायला गेल्या आणि त्याचं नाव सापडेना. महिन्याभरात तोही गेला. तेव्हापासून काकू म्हणतात, देव ज्याचं नाव माझ्या तोंडातून काढतो, त्याला नेतो.

मी रोज मारुतीला हात जोडते, पण हे मला पटलं नव्हतं. चिंधूला टीबीच्या गोळ्या मीच देत होते. त्याचं नाव आठवलं असतं तरी तो वाचत नव्हता.

"आपल्या गल्लीतल्या टेकचंदचंही नाव विसरल्या होत्या ना?" मी म्हटलं. "तो तर परवा वरातीत नाचला."

"त्याचं मले संध्याकाळी आठवलं. देवानं वापस देल्लं."

"वयानं होते असं. माझी सासू मले नणंदेच्या नावानं हाक मारते."

"तुई नणंद बरी हाये ना?"

मला हसू येत होतं, पण काकूंचा चेहरा पाहून ते आतच राहिलं. तरी गंमत म्हणून विचारलं, "माझं नाव सांगा बरं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या.

"दामिनी."

तोवर मी वाटेतच थांबले होते.

"मग सकाळपासून बाई बाई काहून करून राहिल्या?"

"कोनाचंही नाव घ्याले भेव लागते. परवापासून माह्या पोराचं नाव येऊन नाही राहिलं."

काकूंना एकच मुलगा, कमलेश. विजेच्या ठेकेदाराकडे भंडाऱ्याला कामाला आहे. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला.

"सांगू नको. आपल्यानं आलं तरच खरं."

मी मोबाईल काढला. मायलेकांचं बोलणं करून दिलं की भीती जाईल, असं वाटलं. दोन रिंग झाल्या आणि त्यानं उचलला.

"वहिनी, खांबावर चढून राहिलो. मागून करतो." फोन बंद झाला.

"बोलला?"

"बोलला ना."

"कुठी हाये?"

"कामावर."

खांबाचं मी सांगितलं नाही. पुढे चालताना मात्र दर दहा पावलांनी मोबाईलकडे पाहत होते. मनात मारुतीचं नाव सुरू झालं, तेही दोनदा अडखळलं.

बाजार दिसू लागला तशा काकू लिंबाच्या झाडाखाली थांबल्या. बांगड्या वर सारून त्यांनी हात पुढे केला. मनगटाजवळ लहानपणी गोंदलेली तुळस, हिरवी, पुसट झालेली. वरची कातडी रिकामी.

"बाजारात गोंदनवाला मशीन घेऊन बसते. माह्या पोराचं नाव इथंच गोंदून घेतो. कातडीतलं नाव देव कसं काढते ते पाहतो." मग आवाज खाली आला. "पन त्यानं इचारलं, कोनतं नाव, तं मी काय सांगू? तू चाल माह्यासंगं. त्याच्या कानात सांगजो. मले आयकू येऊ देऊ नको."