पंधरा दिवसांच्या आत

त्याचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपुस्तकात असेल, पण ते वाचतो कोण? सगळे त्याला 'परतबघू' म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त झाली, दार नीट लागलं, चार वेळा वर-खाली करून झालं, सोबतचे लोक हत्यारं गोळा करून निघाले, की हा म्हणणार, "थांबा, परत बघू." आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पुन्हा चढणार. सोबतचे मनातल्या मनात शिव्या घालायचे, कधी मोठ्यानेही. पण याच्या हाताखालून गेलेली लिफ्ट सहसा अडकत नाही, हे सांगणारेही तेच.

आणि एखादी अडकलीच, तर आतल्या माणसांशी दाराच्या फटीतून बोलायचं काम याच्याकडे. "घाबरू नका. लिफ्ट अशी पडत नसते. दोर एकच नसतो, पाच असतात. सारखी बटणं दाबू नका, खाली बसा, मी आलोय." इतक्या सावकाश म्हणायचा की आतली रडारड थांबायची. सव्वीस वर्षं या माणसाने परक्यांना असा धीर दिला. स्वतःच्या घरात मात्र त्याच्या धीराचे बारा वाजले होते, आणि तेच सांगायचंय.

त्याची बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसाचे आठ तास टेबलापाशी उभी, एका हातात वाफेची इस्त्री, दुसऱ्या हाताने कॉलर सरळ करणं चालू. पाच वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. सरळ गेलेले केस परत आले ते कुरळे. "बघा, पार्लरचा खर्च वाचला," ती म्हणाली आणि महिन्याभरात पुन्हा टेबलापाशी जाऊन उभी राहिली. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता वर्षातून एकदा या, मधे काही वाटलं तर लगेच या.

'मधे काही वाटलं तर.' बायकोने ते ऐकलं आणि सोडून दिलं. याच्या मात्र ते डोक्यात जाऊन बसलं. काही म्हणजे काय? वाटलं म्हणजे कुणाला? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, हा तर साधं पाणीही फुंकायला लागला. ती खोकली की याचा घास हातातच राहायचा. ती जिन्यात क्षणभर थांबली की याच्या तोंडचं पाणी पळायचं. "काय झालं? दम लागला? कुठे दुखतंय?"

"अहो, चपलेचा पट्टा निघालाय!" ती ओरडायची. "मी काय लिफ्ट आहे का, मजल्यामजल्यावर तपासायला?"

लग्न होऊन दुसऱ्या गावी राहणारी त्यांची लेक. तिला फोनवर दोघांचीही कटकट ऐकायला लागायची. तिने एक दिवस दोघांना एका संस्थेच्या पानाची लिंक पाठवली. आजार परत येईल या भीतीचं काय करायचं, ते त्यात साध्या भाषेत लिहिलं होतं. आईने नुसतं वरवर पाहिलं. "मला कपडे पडलेत ढीगभर. तुम्हीच वाचा." आणि याने वाचलं. चष्मा पुसून, जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या खोलीत बसून, दोनदा वाचलं.

भीती वाटणं साहजिक आहे, असं त्यात होतं. काळजीला दिवसातली ठरावीक वेळ द्या, असं होतं. मनात येतं ते कागदावर उतरवा, असंही होतं. पानाच्या अगदी तळाशी 'घरच्या माणसांसाठी' असा एक मथळा होता. तिथवर हा गेलाच नाही. घरचं माणूस आपण आहोत हे त्याच्या ध्यानातच आलं नाही हो! भीती कुणाला वाटते? मला. मग हे वरचं सगळं माझ्यासाठीच, असा त्याचा हिशेब. आणि मधल्या एका वाक्यावर तो जो अडकला तो तिथेच राहिला. नवीन दुखणं पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकलं तर डॉक्टरांना सांगा, एवढंच ते वाक्य होतं.

त्याला हायसं वाटलं. ही त्याच्या ओळखीची भाषा होती. कंपनीत प्रत्येक लिफ्टचं एक पिवळं कार्ड असतं: तक्रार काय, सुरू कधी, बंद कधी, खाली सही. असली कोरी कार्डं त्याच्या हत्यारांच्या पेटीत पडलेली होतीच. त्याने एक काढलं. 'खोकला. सुरू: मंगळवार.' आणि दिवस मोजायला लागला. नवव्या दिवशी ती म्हणाली, "गेला बाई एकदाचा खोकला." याने 'बंद' लिहिलं, सही केली, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

त्यानंतर कार्डं वाढतच गेली. डोकेदुखी, गुडघा, हाताला मुंग्या, 'जिन्यात थांबली, कारण सांगत नाही.' तो आता तिला आडून आडून विचारायचा. "तुझा तो गुडघा काय म्हणतोय?" असं गमतीत, पेपर वाचता वाचता. दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत गेलेल्या तक्रारीने त्याचा जीव अगदी टांगणीला लागायचा. जेवण जायचं, कामावर पाने हातातून निसटायचे. पण एकही कार्ड पंधरा दिवसांवर गेलं नाही. दोन वर्षांत एकतीस कार्डं झाली आणि सगळी मुदतीच्या आत बंद झाली. माणूस इतका सावध, पण एकतीसच्या एकतीस? हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही.

कारण खोट्या सहीचा त्याच्याइतका राग कुणाला नव्हता. त्याच्याबरोबर काम करणारा एक होता, त्याला सगळे जाड्या म्हणत. जाड्याने एकदा वर न चढताच ब्रेक तपासल्याची सही केली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली आणि एक म्हातारी चार तास आत बसून राहिली. तिला दाराच्या फटीतून धीर देत बसलेला हाच. बाहेर आल्यावर त्याने जाड्याची कॉलर धरली. "सही केलीस कशी?"

"साहेब रोज विचारत होता," जाड्या म्हणाला, "झालं का, झालं का, झालं का. डोकं उठवलं होतं. शेवटी म्हटलं, झालं."

परतबघू त्याच्याशी वर्षभर बोलला नाही.

तर या वर्षीच्या तपासणीचा दिवस आला. चार दिवस आधी याने बायकोला बादली उचलताना पाठीला हात लावलेलं पाहिलं होतं आणि नवीन कार्ड काढलं होतं. पाठदुखीचं एक कार्ड आधीही होतं, दोन महिन्यांपूर्वीचं, अकराव्या दिवशी बंद झालेलं. म्हणजे ही नवी तक्रार. चारच दिवस झालेत, अजून वेळ आहे, असं स्वतःला समजावत तो दवाखान्यात बसला होता.

डॉक्टरबाईंनी तपासलं, जुनी फाईल उलटली, आणि विचारलं, "बाकी काही त्रास?"

बायकोने खुर्चीवरची पिशवी मांडीवर घेतली. मग हाच म्हणाला, "पाठ दुखते तिची. चार दिवस झाले."

"चार दिवस?" डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "नाही," ती म्हणाली. "अडीच महिने."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. डॉक्टरबाई पुढचं विचारत होत्या, रात्री दुखतं का, आडवं पडल्यावर थांबतं का, आणि ती सगळ्याची उत्तरं देत होती, सरळ, घडाघडा, जणू कुणीतरी विचारायचीच वाट बघत होती. याच्या पायाखालची जमीन सरकली. लगेच स्कॅन करून घ्या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर तो पहिल्यांदा बोलला. "मला सांगितलंस, पाठ दुखायची थांबली म्हणून. अकराव्या दिवशी."

"हो, सांगितलं."

"का?"

"मागच्या वर्षी टेबलाचा नट ढिला झाला होता," ती म्हणाली. "तुमच्या पेटीत पाना शोधत होते, तर ती कार्डं मिळाली. आधी हसू आलं मला. माझा गुडघा आणि खाली तुमची सही! मग तारखा पाहिल्या. एकदा खोकला दहाव्या दिवसावर गेला होता, तेव्हा तुम्ही तीन दिवस जेवला नव्हता. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मग कळलं."

"म्हणून तू खोटं बोललीस?"

"म्हणून मी तुम्हाला जेवायला घातलं!" ती भडकून म्हणाली. बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "तुमचा चेहरा पाहवत नव्हता मला. म्हटलं, माझं दुखणं माझ्याजवळ राहू दे, यांचं तरी थांबेल. आणि मलाही वाटलं, इस्त्रीने दुखत असेल. किंवा नसेल. मला नाही माहीत."

तेवढ्यात तिला स्कॅनसाठी आत बोलावलं. ती गेली. तो बाकावर एकटाच राहिला, आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने फोन काढला. लेकीने पाठवलेलं ते पान अजून होतं. बोटाने ढकलत ढकलत तो या वेळी पार तळापर्यंत गेला. 'घरच्या माणसांसाठी.' खाली लिहिलं होतं: कसं वाटतंय, असं रोज रोज विचारू नका. रोज विचारलं की माणूस खरं सांगायचं सोडतो आणि तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो.

त्याला जाड्या आठवला. झालं का, झालं का, झालं का. म्हातारीला चार तास कोंडणारा साहेब होता, आणि आपण कॉलर धरली जाड्याची. बायकोच्या पाठीत काही असेल, आणि ते अडीच महिने तिथे वाढत बसलं असेल, तर ते आपल्यामुळे. हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की तो दवाखान्याच्या बाकावर, चार लोकांदेखत, रडला. शेजारच्या माणसाने न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

रिपोर्टला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मन चिंती ते वैरी न चिंती अशी त्याची गत झाली, पण त्याने तोंडातून एक प्रश्न काढला नाही. ओठ चावून बसायचा. तिनेच एकदा विचारलं, "बोलत का नाही?" तर म्हणाला, "विचारेन म्हणून."

रिपोर्ट आला. मणक्याची झीज. वर्षानुवर्षं उभं राहून, एका बाजूला वाकून झालेली. डॉक्टरबाईंनी व्यायाम दिला, टेबल उंच करून घ्या म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी अडीच महिने थांबलात तर मी रागावेन, असंही म्हणाल्या. बायकोचा जीव भांड्यात पडला. लेकीने फोनवर देवाचे आभार मानले. याचा जीव मात्र भांड्यात पडेना. त्याच संध्याकाळी त्याने पेटी आणून टेबलावर ठेवली आणि कार्डांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

"यातलं खरं कुठलं?"

तिने चष्मा लावला. एकेक कार्ड बाजूला काढत गेली. "हा खोकला खरंच गेला होता. हा गुडघा... खोटं. हे खोटं. हे डोकं त्याच दिवशी थांबलं होतं, तुम्ही विचारायचं सोडलं नाहीत म्हणून कार्डावर आठ दिवस चाललं. हे खोटं. या मुंग्या अजून येतात, पण डॉक्टरबाईंना माहीत आहेत, केमोच्या आहेत." नऊ कार्डं खोटी निघाली. त्याने ती फाडली नाहीत. कंपनीतही चुकीचं कार्ड कुणी फाडत नाही. रबर लावून पेटीत परत ठेवली.

पण अडचण पुढेच होती. आता ती "बरं आहे" म्हणाली की त्याला ते खरं की खोटं कळेना. पाठ कशी आहे? बरी आहे. म्हणजे बरी आहे, की माझ्यासाठी बरी आहे? पाच वर्षांत आजाराने केलं नव्हतं ते दोघांनी मिळून केलं होतं. एका घरात राहून एकमेकांच्या शब्दावर भरवसा उरला नव्हता. तो कामावर जायचा, दुसऱ्यांच्या लिफ्ट दोनदा तपासायचा, आणि घरी येऊन गप्प बसायचा. ती पाठीचे व्यायाम दार लोटून करायची.

असे तीन आठवडे गेले. एका सकाळी तो बूट घालत होता. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आज माझं डोकं दुखतंय," ती म्हणाली. "उठल्यापासून. चष्म्याचा नंबर बदलला असेल. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगतेय."

त्याचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. तो त्याने तिथेच दाबून धरला. "चहा टाकू?" एवढंच तो म्हणाला.

"टाका." ती खुर्चीवर बसली. तो एक बूट पायात, एक हातात असा ओट्यापाशी गेला आणि भांडं शोधायला लागला. मागून ती म्हणाली, "आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुमचं काय दुखतंय?"

'काही नाही' असं त्याच्या तोंडाशी आलं. तेच तो रोज म्हणायचा. लेकीला, जाड्याला, साहेबाला, हिलाही. सव्वीस वर्षांत कंपनीच्या एका कार्डावर त्याने खोटी सही केली नव्हती, आणि घरात ही रोजची चालली होती. त्याने मोकळ्या हाताने भांडं गॅसवर ठेवलं, पाणी ओतलं.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पाच वर्षं झाली. रोज वाटते. तू कामाला गेलीस की जास्त."

ती उठली. त्याच्या हातातला बूट काढून घेतला, खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली. पाण्याला अजून आधण यायचं होतं.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पण तुम्हीच इतके घाबरलेले. मी कुणापुढे घाबरायचं?"