छोट्या टेबलावर बसलेला आरोपी

ती घटना आठवली की मला आजही हसू येते, आणि हसून झाले की त्या आरोपीबद्दल आदर वाटतो. निवृत्त पोलीस निरीक्षकाकडून लोकांना खून आणि दरोडे ऐकायचे असतात. ही घटना निवृत्तीनंतरची आहे. तिची स्टेशन डायरीला नोंद नाही, एफआयआर नाही आणि घटनास्थळ माझ्या हद्दीपासून समुद्रापार, सिंगापूरला बिशानमधल्या माझ्या मुलीच्या फ्लॅटमध्ये. फिर्यादी होते खुद्द माझे जावई. नाव मी कुणाचेच देणार नाही. जावयांचे तर मुळीच नाही, कारण वर्षातले काही महिने मी त्यांच्याच घरी जेवतो.

त्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी दुपारी पोकरचा डाव बसतो. मंडळी बहुतेक पुण्यामुंबईची आयटीवाली, आणि एक मरीन इंजिनियर. तो सिंगापूरच्याच हौगांग भागात राहतो आणि जहाजावरून उतरला की खेळायला येतो. मी आयुष्यभर जुगाराच्या अड्ड्यांवर धाडी घातल्या. तेव्हा पहिल्याच शनिवारी मी विचारले, "डावामागे हिस्सा कोण काढतो?" कुणीच काढत नाही आणि घरात मित्रामित्रांनी असे खेळायला इथे मुभा आहे, हे जावयांनी पटवून दिल्यावरच मी खुर्ची ओढून बघायला बसलो. टेबले दोन. डायनिंग टेबलावर शंभर डॉलर घेऊन बसायचे आणि टीपॉयभोवती वीस. टीपॉयला जावई 'बालवाडी' म्हणत. माझी मुलगी बालवाडीतच खेळे आणि बहुधा जिंके.

खबर मिळाली ती एका शुक्रवारी संध्याकाळी पार्कात फिरताना.

"बाबा, प्रोफेशनल ओपिनियन हवंय," जावई आवाज खाली आणून म्हणाले. "तो इंजिनियर पत्ते लावतो."

"पुरावा?"

"नेहमी जिंकतो. आणि मी त्याच्यावर लक्ष ठेवायला लागलो तसा मोठं टेबल सोडून बालवाडीत जाऊन बसलाय. सलग तीन शनिवार! मनात काही नसतं तर गेला असता का?"

हा युक्तिवाद माझ्या चांगलाच ओळखीचा होता. रोजच्या नाक्यावर उभा राहणारा एकाएकी दिसेनासा झाला की आम्ही त्याच्या घरी शिपाई पाठवत असू.

पण इथे प्रकरण नाजूक होते. आठ-दहा दिवसांत इंजिनियर सहा महिन्यांसाठी जहाजावर जाणार होता. तो समुद्रावर असला की मागे त्याची बायको आणि लहान मुलगी एकट्या असतात. ताप आला, शाळेचे काम निघाले, नळ गळला, सगळ्याला आधार आमच्याच घराचा. जावयांनी मात्र ठरवले होते की येत्या रविवारी त्याला फोन करून सांगायचे, पुन्हा घरी येऊ नकोस. हे कळल्यावर त्या रात्री माझ्या मुलीने जेवणाचे ताट बाजूला सारले.

"बाबा, त्याने चोरी केली असेल तर मी एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली. "पण केली नसेल तर त्याच्या बायकोला मी तोंड कसं दाखवू? बहीण मानते ती मला."

मी केस हातात घेतली आणि जावयांना सांगितले, तपास पूर्ण होईपर्यंत फोन करायचा नाही.

शनिवारी मी बालवाडीतच बसलेल्या इंजिनियरचे हात पाहिले, बाह्या पाहिल्या, पत्ते पिसण्याची पद्धत पाहिली. सापडले काहीच नाही. मग साक्षीदार एकेकटे गाठले. कुणाला स्वयंपाकघरात, कुणाला लिफ्टपाशी. साक्षीदार एकत्र बसले की एकच गोष्ट सांगतात, म्हणून ही काळजी. प्रश्न एकच ठेवला, "तू स्वतः त्याच्याकडे किती हरलास?"

"मी फारसा नाही काका. पण तो जिंकतो असं ऐकलंय."

"कुणाकडून?"

सगळ्यांची बोटे माझ्या जावयांकडे! कोर्टात असला साक्षीदार कुणी उभाही केला नसता. म्हणून मी फिर्यादीकडेच जरा नीट पाहू लागलो. जावई एखादा डाव जिंकले की म्हणत, आता रक्कम वाढवू या. हरले की म्हणत, आता तर वाढवायलाच हवी. मध्येच टेबलाखाली फोन धरून बँकेचे ॲप बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोपीला हौगांगच्या कॉफी शॉपमध्ये गाठले. आरोपीचा चहा घ्यायचा नाही हा माझा जुना नियम, पण त्याने दोन कोपी, म्हणजे तिथली दाट गोड कॉफी, आधीच आणून ठेवल्या होत्या.

"चौकशी आहे ना काका?" तो हसत म्हणाला.

"आहे. तू नेहमी जिंकतोस म्हणे."

"कुठलं नेहमी! भरपूर हरतो. पण हरलो की आरडाओरडा करत नाही, खाली जाऊन बसतो. म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही."

"खाली म्हणजे बालवाडीत?"

"हो. आमचं काम कसं, जहाजावर असलो तर पगार, घरी असलो तर शून्य. पुढचं जहाज दोन महिन्यांनी मिळेल की पाच, काय सांगावं? म्हणून प्रत्येक गोष्टीचे पैसे वेगळे काढायची सवय लागली. पोकरचेही वेगळे. दोन हजार झाले की मोठ्या टेबलावर बसतो, म्हणजे वीस वेळा हरलो तरी घरच्या पैशाला हात नाही. कितीही चांगलं खेळा, वाईट पत्ते ओळीनं येतातच. पंधराशेच्या खाली आलो की उठतो आणि बालवाडीत जातो. पुन्हा भरले की वर. त्यात लाज कसली?"

जबाब चोख होता. पण जबाब बंद करण्यापूर्वी एक फालतू प्रश्न विचारायची माझी सवय आहे.

"आत्ता किती आहेत?"

"दोन हजार सहाशे," तो बोलून गेला, आणि कपातला चमचा थांबला.

"मग नियमाप्रमाणे तू वर हवास. कालचा धरून चार शनिवार खाली का?"

त्याने कप बाजूला सारला. "काका, हे घरी सांगू नका. आपले पैसे बघून टेबल निवडायचं, इथवर ठीक. पण समोर बसलेल्याचंही दिसतंच ना? तुमचे जावई हल्ली हरले की फोन बघतात, आणखी शंभर काढतात, पण हसत नाहीत. ते पैसे खेळायचे नाहीत, घरचे आहेत. मी समुद्रावर असतो तेव्हा माझ्या घरचा नळ हा माणूस दुरुस्त करतो. त्याच्याकडून जिंकून काय करू मी?"

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"जिंकणाऱ्यानं उपदेश केला तर कुणाला आवडतो?"

नोकरीत मी कबुलीजबाब पुष्कळ ऐकले, पण असा नव्हता ऐकला. ज्या वागण्यावरून त्याला चोर ठरवले जात होते, ते त्याने मित्रासाठी केले होते.

आता फिर्यादीचा पुरवणी जबाब. जावयाची चौकशी करणे म्हणजे मंत्र्याच्या गाडीची पावती फाडण्यासारखे आहे, तरी घरी येताच मी त्यांना बाल्कनीत घेतले.

"जावईबापू, खेळायचे म्हणून तुम्ही किती पैसे वेगळे काढलेत?"

"वेगळे असे नाहीत. खात्यातूनच..."

"आणि गेले किती?"

ते रेलिंगला टेकून म्हणाले, "डिसेंबरला जपानला जायचं होतं ना? त्यातले निम्मे."

"इंजिनियरने नेले?"

"नाही बाबा," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांकडेच गेले."

खबऱ्याचे नाव मी आयुष्यात फोडले नाही. पण आरोपीचा चांगुलपणा गुप्त ठेवा असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही, म्हणून मी सगळे सांगून टाकले. जावयांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी आत जाऊन बायकोला जपानचे खरे काय ते सांगितले. माझ्या मुलीने आधी त्यांचा यथेच्छ उद्धार केला, शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असेल. मग म्हणाली, "जपान कुठे पळून जात नाही. आधी हौगांगला जाऊन ये."

जावई तसेच गेले. परतले ते इंजिनियरच्या बायकोने दिलेला चकल्यांचा डबा घेऊन.

"काय म्हणाला?" आम्ही दोघांनी एकदमच विचारले.

"म्हणाला, माफी राहू दे, आधी खेळायचे पैसे वेगळे काढ. आणि जमेपर्यंत माझ्या शेजारी बालवाडीत बस."

पुढच्या शनिवारी टीपॉयभोवती दाटी झाली. जावई जमिनीवर मांडी घालून बसले, बायकोकडे वीस डॉलर हरले आणि "आजचं संपलं" म्हणून चहा टाकायला उठले. त्यांना हरून हसताना मी प्रथमच पाहिले. दोन दिवसांनी इंजिनियर जहाजावर गेला, तेव्हा त्याची बॅग उचलून धक्क्यापर्यंत सोडायला तेच गेले होते.

माणसाचे वागणे अचानक बदलले की त्यामागे कारण असते, हे पोलिसात पहिल्या वर्षी शिकवतात. कारण म्हणजे गुन्हाच, हे आम्ही आपले आपण शिकतो. त्यातला दुसरा धडा मी बिशानमध्ये विसरलो आणि मला बरे वाटले. नोकरीत मी पुष्कळ माणसे पकडली. चांगुलपणा करताना रंगेहाथ सापडलेला तो एकटाच.